कथा चालना रे, शब्दा?

पाचोरा स्टेशनात देवळाली–भुसावळ गाडी थांबते. डब्यावरच्या पाटीवर 'देवळाली' लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून लगेच विसरतो. नाशिकजवळचं एक गाव, त्यात काय मोठं? पण तिकडे इंग्लंडात एखाद्या आजोबांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि घरभर शोधत बसले, तर त्यांची नातवंडं हसून म्हणतात, "आजोबा डूलाली झाले!" हे डूलाली म्हणजेच आपलं देवळाली. थट्टा नाही करत, बरं का. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशात हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे डोकं ठिकाणावर नसलेला, भ्रमिष्ट.

आता देवळालीच्या लोकांना राग येण्याआधी गोष्ट सांगून टाकतो. 1860 च्या दशकात इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी बसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई देशभरातून इथे आणायचे आणि मग मुंबईला नेऊन जहाजात चढवायचे, अशी व्यवस्था होती. घोळ एवढाच होता, की शिपायांना नेणारी जहाजं वर्षभर सुटत नसत. ती सुटायची थंडीच्या महिन्यांत. हंगामातलं शेवटचं जहाज ज्याचं हुकलं, त्याने पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहायचं. करण्यासारखं काम फारसं नाही, वर उन्हाळा, मग पावसाळा, डास, हिवताप. घर आठवतंय, पण जाता येत नाही. काही शिपाई खरोखरच आजारी पडले, काही चमत्कारिक वागू लागले. मग बाकीचे म्हणायचे, "त्याला डूलाली टॅप झालाय."

यातला टॅप म्हणजे नळ नव्हे. तो आपला ताप! देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याने 1936 साली आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात या तापाची हकीकत आहे. पुढे शिपाई घरी गेले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. वाटेत ताप गळून पडला, डूलाली तेवढं उरलं. आज ते बोलणाऱ्या बहुतेकांना नाशिक कुठे आहे हे ठाऊकही नसेल.

पण देवळालीचं डूलाली झालंच कसं? याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. मोठ्याने 'द' म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांना टेकलं ना? आता 'ड' म्हणा. जीभ दात सोडून वर, टाळूकडे गेली. इंग्रजांचा डी या दोघांच्या मधल्या जागेवर, दातांच्या मागच्या उंचवट्यावर होतो. त्यांच्या इंग्रजीत आपला 'द' नाहीच. मग 'ळ' म्हणून बघा, जीभ कशी मागे वळते. तोही त्यांच्याकडे नाही. साध्या 'ल'वर भागवावं लागतं. शिवाय इंग्रजीत गावाचं नाव लिहिताना 'देव'चा 'देओ' झाला होता. 'द' गेला, 'व' गेला, 'ळ' गेला आणि उरलेलं भरभर बोलल्यावर डूलाली झालं. गोऱ्या शिपायाने नाव मुद्दाम बिघडवलं नव्हतं, त्याची जीभ जिथे पोचत होती तिथपर्यंत तो गेला.

आपल्याकडे अहिराणीत रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं, की हाक येते, "कथा चालना रे भो?" म्हणजे कुठे निघालास रे भाऊ? इंग्रजीत एखादा विचित्र शब्द भेटला की मी त्यालाही हेच विचारतो. नुसता अर्थ पाठ करण्यापेक्षा त्यात मजा फार, आणि शब्द लक्षातही राहतो. बरेचदा उत्तर येतं ते आपल्या गल्लीतून.

जिनिंगचंच घ्या. खान्देशात कापूस आणि कापूस आला की जिन. "गाडी जिनमध्ये खाली केली" हे वाक्य पाचोऱ्यातल्या कितीतरी घरांत दिवाळीनंतर ऐकू येतं. लहानपणी मला वाटायचं, तिथे अल्लाउद्दीनच्या दिव्यातला जिन राहत असणार आणि रात्रीतून सगळा कापूस साफ करून ठेवत असणार! तो जिन अरबी. हा जिन वेगळा, हा म्हणजे इंजिन, पुढचं 'इं' खाऊन टाकलेलं. आणि इंजिन तरी कुठून आलं? लॅटिन भाषेतल्या एका शब्दापासून, ज्याचा अर्थ उपजत बुद्धी, हुशारी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये हुशारीने केलेल्या यंत्राला 'आंजाँ' म्हणू लागले आणि इंग्रजीत त्याचं झालं इंजिन. म्हणजे बघा, एखाद्याने डोकं चालवून केलेलं कुठलंही साधन हे एकेकाळी इंजिनच होतं. वाफ, डिझेल, रेल्वे हे सगळं फार नंतरचं. इंजिनियर हा शब्दही त्याच घरातला.

कापसाच्या जिनमध्ये ही हुशारी नेमकी काय करते? कापसाच्या बोंडात सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात. हाताने एकेक सरकी सोडवायची म्हटली तर बोटं दुखून येतात. अमेरिकेत इलाय व्हिटनीने 1793 साली एक यंत्र केलं आणि 1794 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात दात असलेला रूळ फिरायचा, दात तंतूंना बारीक फटीतून ओढायचे आणि फट इतकी अरुंद, की सरकी पलीकडे जाऊच शकत नसे. आपल्याकडच्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी दुसरी जात असते. तिथे चामड्याचे दोन रूळ तंतू पकडून ओढतात आणि हलणारी पट्टी सरकीला टोले देऊन बाजूला पाडते. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घराघरांत लाकडी चरखीवर दोन रुळांच्या मधून कापूस असाच पिळून काढत. हुशारी काही एकट्या व्हिटनीची नव्हती, पण शब्द मात्र तिकडचा चिकटला.

सरकी निघाली की राहते ती रुई. आता खरी गंमत पुढे आहे. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर, पण रुईचा भाव सांगतात खंडीवर. मराठीत वीस मणांची एक खंडी. म्हणूनच आई म्हणते ना, "खंडीभर कामं पडलीत आणि तू खेळायला चाललास!" कापसाच्या व्यापारात आजही खंडी चालते आणि ती 356 किलोची धरतात. रुईची एक गाठ 170 किलोची, तेव्हा खंडी म्हणजे दोन गाठींहून थोडी जास्त. इंग्रजांनी ही खंडी उचलली आणि तिला म्हणू लागले कँडी! इंग्रजी वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान काढा, कापसाचा दर 'प्रति कँडी' छापलेला दिसेल. परदेशातल्या एखाद्या मुलाने ते वाचलं तर त्याला वाटेल, भारतातले लोक गोळ्या-चॉकलेटं देऊन कापूस घेतात की काय!

खाऊची कँडीही इथलीच आहे, पण ती दुसऱ्या घराण्यातली. उसाचा रस आटवून केलेल्या साखरेला संस्कृतात खंड म्हणत. आपल्या खडीसाखरेची ती थोरली नातलग. खंड इराणात गेली, फारसीत 'कंद' झाली. तिथून अरबांकडे, अरबांकडून इटली-फ्रान्समध्ये, आणि इंग्लंडात पोचेपर्यंत कँडी. वजनाची कँडी जहाजाने थेट गेली, खाऊची कँडी उंटावरून आणि गलबतांतून, कित्येक शतकं रमतगमत.

आणि तिसरी कँडी? तो माणूस होता. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी–इंग्रजी शब्दकोश 1831 साली निघाला, तेव्हा त्यांच्या मदतीला जॉर्ज आणि थॉमस असे दोघे कँडी बंधू होते. थॉमस म्हणजेच मेजर कँडी. तुम्ही निबंधात स्वल्पविराम विसरता आणि बाईंचं लाल पेन फिरतं, त्याच्या मुळाशी हे गृहस्थ आहेत. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. त्या काळी लिखाण जवळजवळ सलग चालायचं, वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा ते त्याचं त्याने बघावं! मला स्वतःला वाटतं, कँडी नावाच्या माणसाने आपल्या कोशात खंडीचा अर्थ लिहिताना एकदा तरी गालातल्या गालात हसून घेतलं असेल.

इंग्रजांनी असाच उलट्या बाजूचा कोशही केला. हिंदुस्थानात राहून इंग्रजीत घुसलेले शब्द हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी गोळा केले आणि 1886 साली ते पुस्तक लंडनला छापलं. नाव काय, तर 'हॉब्सन-जॉब्सन'! दोन शेजाऱ्यांची आडनावं वाटतात की नाही? मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश चालायचा, तो गोऱ्या शिपायांच्या कानांना असा ऐकू आला. बिचारा बर्नेल पुस्तक निघायच्या चार वर्षं आधीच वारला.

मात्र शब्दांच्या गोष्टींत एक धोका असतो. गोष्ट जितकी चटकदार तितकी ती खोटी असण्याची शक्यता जास्त. नमुना दाखवतो. ऐटबाज, श्रीमंती थाटाच्या गोष्टीला इंग्रजीत पॉश म्हणतात. त्याची गोष्ट अशी सांगतात, की इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या जहाजात जाताना डाव्या बाजूच्या आणि परतताना उजव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी लागे. पैसेवाले लोक त्याच खोल्या घेत आणि त्यांच्या तिकिटावर 'जाताना डावी, येताना उजवी' याच्या इंग्रजी शब्दांची चार आद्याक्षरं मारलेली असत: पी, ओ, एस, एच. झालं पॉश! किती छान जुळतंय ना? पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. शब्दकोश करणाऱ्यांनी ही गोष्ट कधीच निकालात काढली आहे.

दुसरी गोष्ट बोंबलाची. सुक्या बोंबलाला इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणत, मुंबईचं बदक! का? तर म्हणे बोंबलांच्या टोपल्या टपालगाडीने, म्हणजे 'बॉम्बे डाक'ने जायच्या आणि डब्यांना वास यायचा, म्हणून डाकचं डक झालं. आता तुम्हीच पोलीस व्हा आणि तारखा तपासा. आपल्याकडची पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती 16 एप्रिल 1853 ला. आणि 'बॉम्बे डक' हे शब्द छापील इंग्रजीत 1850 सालीच सापडतात. जी गाडी अजून धावलीच नव्हती, तिच्यावरून नाव कसं पडेल? एका तारखेने सगळी गोष्ट कोसळली. खरं सांगायचं तर मला अशी गोष्ट कोसळताना बघायला गोष्टीपेक्षा जास्त मजा येते.

डोंगरीची हकीकत मात्र भक्कम आहे. मुंबईत सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या आसपासचा भाग म्हणजे डोंगरी. तिथल्या बाजारात जाडंभरडं सुती कापड मिळे. खलाशी त्याच्या विजारी शिवून घेत. कापडाला गावाचं नाव पडलं, कापडावरून विजारीला, आणि आता खांद्यावर पट्टे असलेला तो पोशाख लहान मुलं जगभर घालतात. त्याला दुकानदार डंगरी म्हणतात. मुंबईची डोंगरी लंडनला फिरून आली आणि पाचोऱ्याच्या दुकानात हँगरवर लटकली!

मुंगूस तर आपल्या शेताच्या बांधावर हिंडणारं. इंग्रजीतलं मंगूस थेट मराठीतून गेलं, हे बहुतेक सगळे कोश मान्य करतात. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात, आपल्या मुलखात हिंडत होता. 1698 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. नागाच्या विषाचा मुंगसावर परिणाम कमी होतो, कारण विष स्नायूंना जिथे जाऊन चिकटतं ती जागाच मुंगसाच्या शरीरात थोडी वेगळी घडलेली असते. पण इंग्रज लोक नागाला नाही, मंगूसच्या अनेकवचनाला घाबरतात. कारण इंग्रजीत गूस म्हणजे हंसासारखा पक्षी, आणि दोन असले की ते होतात गीस. मग दोन मुंगसं म्हणजे मंगीस का? एक जुना विनोद आहे. एका माणसाला दोन मुंगसं हवी होती. अनेकवचन काही जमेना. शेवटी त्याने दुकानदाराला लिहिलं, "कृपया एक मंगूस पाठवा. ता. क. त्याच्याबरोबर आणखी एक पाठवा." बरोबर उत्तर साधंच आहे: मंगूसेस. त्याला पंख नाहीत आणि गूसशी त्याचं काही नातं नाही.

सगळेच शब्द आपल्याकडून गेले असं मात्र समजू नका. जळगाव जिल्हा केळ्यांसाठी देशभर प्रसिद्ध, पण बनाना हा शब्द पश्चिम आफ्रिकेतला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश खलाशांनी तो तिथे उचलला आणि युरोपात नेला. आपल्या केळ्याला कोणी विचारलंच नाही! आणि मोसंबी? ती मोझांबिकहून आली म्हणून मोसंबी. बटाटा आणि पाव हेही शब्द पोर्तुगिजांचेच.

पाचोऱ्याहून जामनेरला एक छोटी गाडी जायची. रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर आणि अख्खा मार्ग 56 किलोमीटरचा. तिला सगळे पीजे म्हणत. आता ती धावत नाही. कॉलेजातल्या दादा-ताईंच्या भाषेत पीजे म्हणजे पांचट विनोद आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांच्या भाषेत पीजेज म्हणजे झोपतानाचे कपडे, पायजमा. पायजमाही इकडचाच: फारसीत पाय म्हणजे पायच, आणि जामा म्हणजे वस्त्र. तेव्हा न्यूयॉर्कच्या एखाद्या मुलाला जर सांगितलं, "माझे आजोबा पीजेमधून शेंदुर्णीला जायचे," तर तो काय समजेल ते तुम्हीच ठरवा.

शेंदुर्णीच्या पुढे पहूर, आणि तिथून अजिंठ्याचे डोंगर जवळ. त्यांच्याकडे नीट बघा, कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा येत राहिला, थरावर थर साचत गेले. थरांमधला मऊ भाग झिजला, कठीण भाग पायरीसारखा राहिला. या खडकाला भूगोलाच्या पुस्तकात डेक्कन ट्रॅप म्हणतात. डेक्कन म्हणजे दख्खन, मूळ आपलं दक्षिण. आणि ट्रॅप? इंग्रजीत ट्रॅप म्हणजे सापळा हे तुम्हाला ठाऊक असेल, पण दख्खनमध्ये कोणी उंदीर पकडायला बसलेलं नव्हतं. हा ट्रॅप स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना. अर्धा शब्द दक्षिणेकडून चालत आला, अर्धा युरोपच्या थंड उत्तरेतून, आणि दोघे भेटले आपल्या काळ्या दगडात. अजिंठ्याची लेणी कोरली आहेत ती याच दगडात.

असे शब्द शोधायला मोठा विद्वान असावं लागत नाही. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी 1879 साली साध्या वाचकांनाच हाक दिली होती: वाचता वाचता शब्द सापडला की तो एका चिठ्ठीवर लिहा, वाक्य लिहा, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा आणि आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. त्यांतून झालेला कोश 1928 साली पूर्ण झाला. तोपर्यंत मरे हयात नव्हते.

अहिराणीतले, जिनमधले, मार्केट यार्डातले, रेल्वेतल्या जुन्या माणसांच्या तोंडचे किती तरी शब्द अजून कुठल्याच कोशात गेलेले नाहीत. या सुट्टीत एक वही करा. आजीला विचारा, हमालदादांना विचारा, गाठी बांधणाऱ्यांना विचारा. शब्द लिहा, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसंच्या तसं लिहा, कोणत्या गावात ऐकला ते लिहा. तोपर्यंत सरावाला चार इंग्रजी शब्द देतो: कॉट, चिट, शाम्पू आणि डेक्को. चारही इकडूनच गेलेत. कुठून कसे गेले ते तुम्ही शोधा. आणि वहीत प्रत्येक शब्दापुढे तारीख घालायला विसरू नका.